जुन्या पेट्रोल पिकअप गाडीचा हिंवाळी विकार : कार्ब्युरेटरांत जमणारें बर्फ

शेतकऱ्याच्या घरीं एखादें यंत्र अडलें म्हणजे तें एकटेंच अडत नाहीं. त्याच्यामागें त्या दिवसाचें सारें काम अडतें. पंप थांबला तर पाण्याची पाळी चुकते, मळणीयंत्र थांबलें तर मजूर बसून राहतात, आणि माल भरलेली गाडी वाटेंत उभी राहिली तर बाजार हातचा जातो. ह्या मासिकाच्या वाचकांपैकीं पुष्कळांकडे आतां डिझेलच्या किंवा नव्या पद्धतीच्या गाड्या आहेत. तथापि मागें हौदा असलेली जुनी पेट्रोल जीप किंवा पिकअप हौसेनें वा गरजेनें बाळगणारे गृहस्थ अजूनहि आढळतात. अशा गाडीला हिंवाळ्यांत एक विकार जडतो. तो इतका विचित्र आहे कीं, गाडी कारागिराच्या दारीं पोंचेपर्यंत त्याचा मागमूसहि उरत नाहीं. मालक खोटा पडतो, कारागीर गोंधळतो, आणि चांगले भाग विनाकारण बदलले जातात. कार्ब्युरेटरांत बर्फ जमणें हा तो विकार होय. आपल्या उष्ण देशांत इंजिनामध्यें बर्फ कोठून येणार, असें वाचकांस प्रथम वाटेल. प्रस्तुत लेखकासहि तसेंच वाटलें होतें.

लेखक यंत्रशास्त्राचा पंडित नव्हे. महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत त्याची उमेद गेली. परंतु प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवावी आणि जागेवरचा पंचनामा झाल्याखेरीज निकाल करूं नये, ही संवय त्या नोकरीनें लाविली. व ह्या प्रकरणांत तीच उपयोगीं पडली. म्हणून आधीं अनुभव सांगतों, मग त्याचें शास्त्र, आणि शेवटीं उपाय.

घडलेली हकीकत

निफाड तालुक्यांत आमच्या मेहुण्यांची बागाईत आहे. द्राक्षांबरोबर ते मेथी, कोथिंबीर अशी पालेभाजीहि करतात. त्यांच्याकडे लिलावांत घेतलेली एक जुनी पेट्रोल जीप होती व तिच्या मागें त्यांनीं पत्र्याचा हौदा बसवून घेतला होता. पहाटें पांच साडेपांचास जुड्या भरून निघावयाचें आणि सकाळच्या लिलावाला पोंचावयाचें, हा त्यांचा हिंवाळ्यांतील नित्यक्रम. पालेभाजीचा व्यापार किती नाजूक असतो हें वाचकांस सांगणें नको. तासाभराचा उशीर झाला तर भाव पडतो, आणि दुपार झाली तर तीच भाजी गुरांपुढें टाकावी लागते.

कांहीं वर्षांपूर्वीं एका हिंवाळ्यांत ती गाडी वाटेंत बंद पडूं लागली. निघतांना इंजिन सुरळीत चाले. सात-आठ किलोमीटर गेल्यावर त्याचा जोर ओसरे. ॲक्सिलरेटर दाबला तरी वेग वाढेना, मागून काळसर धूर निघे, आणि अखेर आचका देऊन इंजिन थांबे. दहा-पंधरा मिनिटें हातावर हात ठेवून बसल्यावर पुन्हां चालू केलें तर जणूं कांहीं झालेंच नाहीं अशी गाडी पळे. कारागिराकडे नेली तर त्याला दोष सांपडेना. त्यानें आधीं पॉइंट बदलले, मग कॉइल बदलली, मग पेट्रोलचा पंप बदलला. प्रत्येक वेळीं दोन दिवस बरे जात, आणि तिसऱ्या दिवशीं गाडी पुन्हां पाटाच्या रस्त्यावर उभी. शेवटीं मेहुण्यांचा धीर सुटला व गाडी भंगारांत देण्याचें ठरलें.

त्या सुमारास मी त्यांच्याकडे मुक्कामास होतों. मीं त्यांस एक कोरी वही आंखून दिली. दिनांक, वेळ, घरापासून अंतर, धुकें किंवा दंव होतें काय, आणि वारा होता काय, इतकींच तिचीं सदरें. ते हंसून म्हणाले, “दाजी, वही लिहून गाडी चालते होय?” मीं म्हटलें, “गाडी चालत नाहीं, पण तिची खोड कळते.” तीन आठवड्यांत वहींत सात नोंदी झाल्या. सातहि वेळां सकाळचे आठ वाजावयाचे होते. सातहि दिवशीं धुकें तरी होतें, नाहीं तर झाडांवरून दंव ठिबकत होतें. कोरडी बोचरी थंडी व वारा असलेल्या दिवशीं गाडी एकदांहि थांबली नव्हती. दुपारीं परततांना तर कधींच नाहीं. कॉइल व पंप यांचा दोष असता तर त्यांनीं सकाळ-दुपार असा भेद कां केला असता?

आठव्या वेळीं मी गाडींत होतों. इंजिन थांबतांच, वाट न पाहतां, आम्हीं बॉनेट उघडलें. कार्ब्युरेटरच्या मधल्या भागावर बाहेरून पांढरी खर जमली होती, हरभऱ्याच्या पानांवर जमते तशी. धातूला हात लावला तर बोटें गारठलीं. हवेची रबरी नळी सोडवून विजेरीच्या उजेडांत आंत पाहिलें. ॲक्सिलरेटरच्या झडपेभोंवतीं बर्फाचें कडें धरलें होतें व हवेची वाट जवळ जवळ बुजली होती. पांच-सात मिनिटांत इंजिनाच्या उरलेल्या उष्णतेनें त्या बर्फाचें पाणी झालें. आम्हीं आणखी थोडें थांबलों असतों तर तेंहि दिसलें नसतें. कारागिराला तीन आठवडे जो पुरावा मिळत नव्हता तो असा दररोज वितळून जात होता.

कारणहि त्याच दिवशीं उलगडलें. दिवाळींत भाच्यानें इंजिनावरील एक पत्र्याची नळी काढून टाकली होती. थंड हवेनें गाडीची ताकद वाढते असें त्यानें कोठें ऐकलें होतें. म्हणून गाळणीचें तोंड पुढच्या जाळीकडे वळवून त्यानें तेथें रबरी नळी बसविली. काढलेली नळी गोठ्याच्या आढ्याला टांगलेली सांपडली. ती पूर्ववत् बसविल्यावर त्या हिंवाळ्यांत गाडी पुन्हां वाटेंत थांबली नाहीं.

बर्फ कसें होतें

कार्ब्युरेटरचें काम पेट्रोल व हवा यांचें योग्य मिश्रण करून इंजिनाला पुरविणें हें आहे. वजनानें पाहिलें तर एक भाग पेट्रोलला सुमारें पंधरा भाग हवा लागते. आकारमानानें हिशेब केला तर एक लिटर पेट्रोल जळण्यासाठीं सुमारें नऊ हजार लिटर हवा गाडी ओढून घेते. ही सारी हवा कार्ब्युरेटरच्या आंवळ गळ्यांतून वेगानें जाते, आणि त्याच ठिकाणीं पेट्रोलचे बारीक तुषार तिच्यांत मिसळून त्यांची वाफ होऊं लागते.

द्रवाची वाफ होतांना उष्णता लागते. ती द्रव आपल्या शेजारच्या पदार्थांतून ओढून घेतो. माठांतील पाणी याच कारणानें गार होतें. टोंचण्यापूर्वीं दंडाला स्पिरिट लाविलें म्हणजे गार लागतें, तेंहि याच कारणानें. ह्या उष्णतेस पदार्थविज्ञानांत गुप्त उष्णता म्हणतात. एक किलो पेट्रोलची वाफ होण्यास सुमारें ३५० किलोज्यूल उष्णता लागते. ती सर्व जर पंधरा किलो हवेंतूनच घेतली गेली तर त्या हवेचें उष्णतामान वीस अंशांहून अधिक उतरेल, असा हिशेब निघतो. प्रत्यक्षांत सर्व पेट्रोलची वाफ तेथेंच होत नाहीं व थोडी उष्णता इंजिनाच्या धातूकडूनहि मिळते. म्हणून उतार याहून कमी पडतो. शिवाय आंवळ जागेंतून वेगानें जातांना हवेचा दाब कमी होऊन ती आणखी थोडी निवते. एकंदरींत दहा-पंधरा अंशांचा उतार पडणें ही साधी गोष्ट आहे. मग बाहेर आठ अंश उष्णतामान असेल तर झडपेपाशीं तें शून्याच्या खालीं जाणार हें उघड आहे.

परंतु नुसत्या थंडीनें बर्फ होत नाहीं; त्यासाठीं पाणी लागतें. तें पाणी पेट्रोलमधलें नसून हवेंतलें असतें. दहा अंश उष्णतामानाची, वाफेनें पूर्ण भरलेली हवा घेतली तर तिच्या एका घनमीटरांत सुमारें ९.४ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपानें असतें. तीच हवा शून्य अंशापर्यंत निवली तर तिच्यांत सुमारें ४.८ ग्रॅमच मावतें. उरलेले साडेचार ग्रॅम बाहेर पडून थंड धातूवर बसतात व तेथेंच गोठतात. जुन्या जीपचें इंजिन २.२ लिटरचें असे. असें इंजिन बेताच्या वेगानें चालतांना मिनिटास अर्धा ते एक घनमीटर हवा सहज ओढतें. म्हणजे दर मिनिटास दोन-चार ग्रॅम पाणी त्या अंगठ्याएवढ्या वाटेंत सुटत असतें. त्यांतील बहुतेक पाणी इंजिनांत निघून जातें. पण थोडें थोडें झडपेवर धरत गेलें तरी दहा-पंधरा मिनिटांत वाट बुजते. वाट अरुंद झाल्यानें हवा कमी येते, पेट्रोल मात्र अधिक ओढलें जातें. म्हणूनच काळा धूर निघतो व जोर जातो. इंजिन थांबलें कीं थंडावा थांबतो, खालच्या तप्त भागाची उष्णता वर चढते, आणि बर्फ वितळतें.

कडाक्याची थंडी निर्दोष कां

यावरून एक चमत्कारिक वाटणारा नियम निघतो. फार कडक थंडींत हा विकार होत नाहीं. शून्याखालीं दहा अंशांवर पूर्ण भरलेल्या हवेंतहि घनमीटरास जेमतेम अडीच ग्रॅम पाणी असतें. बर्फ धरण्यास द्रव्यच उरत नाहीं. मोटारींस सर्वांत जास्त त्रास शून्य ते पंधरा अंशांच्या पट्ट्यांत, आणि त्यांतहि पांच अंशांच्या आसपास, हवा ओलसर असतांना होतो. अमेरिकेंत ह्या जुन्या पिकअप गाड्यांचा मोठा प्रसार झाला. तेथें मिनेसोटासारख्या उत्तरेकडील प्रांतांत हिंवाळा शून्याच्या पुष्कळ खालीं जातो, पण हवा कोरडी असते. उलट पॅसिफिक किनाऱ्यावरील वॉशिंग्टन व ऑरेगन प्रांतांच्या पश्चिम भागांत हिंवाळा सौम्य, परंतु सतत रिमझिम व धुकें. कार्ब्युरेटर गोठण्यास दुसरीच हवा अधिक अनुकूल.

आपल्याकडे निफाडच्या पट्ट्यांत डिसेंबर-जानेवारींत पहाटेचें उष्णतामान पांच-सहा अंशांपर्यंत उतरतें, आणि पाटपाण्याच्या बागाईतींत दंवहि भरपूर पडतें. म्हणजे त्या किनाऱ्याची हवा आपल्या मळ्यांत दोन-तीन तासांपुरती अवतरते. महाबळेश्वरसारख्या उंच ठिकाणीं पावसाळ्यांत उष्णतामान अठरा-वीस अंश असतें, तरी हवा धुक्यानें भरलेली असते. इंजिनाची ऊब मिळण्याची सोय काढून टाकलेली असेल तर उतारावर, ॲक्सिलरेटर सोडलेला असतांना, अशा हवेंतहि झडपेपाशीं बर्फ धरूं शकतें. विमानाच्या वैमानिकांस तर वीस अंशांच्या दमट हवेंतहि ह्या संकटाविषयीं सावध राहण्यास शिकवितात. कार्ब्युरेटरचें इंजिन असलेल्या लहान विमानांत त्यासाठीं गरम हवेची कळ बसविलेली असते, व जोर कमी करून खालीं उतरण्यापूर्वीं ती ओढण्याची चाल आहे. मोटार थांबली तर रस्त्याच्या कडेला उभी राहते. विमानास तशी कडा नसते.

गाडी बनविणाऱ्यांनीं केलेली सोय

ही अडचण गाडी बनविणाऱ्यांस फार पूर्वींपासून ठाऊक होती. फोर्ड कंपनीची टी नांवाची प्रसिद्ध गाडी १९०८ सालीं निघाली. तिच्यांत धुराच्या तप्त नळीभोंवतालची हवा कार्ब्युरेटरकडे नेणारी पत्र्याची नळी होती. ह्याच गाडीवर कारखान्यांतच हौदा बसवून १९२५ सालीं फोर्डनें पिकअप विकावयास काढली.

पुढें दुसरी युक्ति आली. इंजिनांतून जळका धूर ज्या बिडाच्या नळांतून बाहेर पडतो त्याला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड म्हणतात. त्यांत एक झडप बसवून, इंजिन थंड असेपर्यंत तप्त धुराचा कांहीं भाग कार्ब्युरेटरच्या तळाशीं वळविण्यांत येऊं लागला. दोन धातूंच्या पट्टीची स्प्रिंग व एक लहान वजन यांच्या योगानें ही झडप आपोआप उघडते व मिटते. महायुद्धांतील विलीस जीपमध्यें अशी झडप होती. स्वातंत्र्यानंतर थोड्याच वर्षांत मुंबईंत महिंद्र कंपनीनें विलीस जीप जोडण्यास आरंभ केला, आणि आपल्या खेड्यांत जीप हें नांव घरोघर झालें. कांहीं इंजिनांत धुराऐवजीं रेडिएटरचें गरम पाणी कार्ब्युरेटरच्या तळाखालून फिरवितात.

तिसरी युक्ति १९६० ते १९७० ह्या दशकाच्या उत्तरार्धांत अमेरिकन गाड्यांत आली. मॅनिफोल्डवर पत्र्याचें आवरण, त्यापासून गाळणीच्या तोंडापर्यंत लवचिक नळी, आणि तोंडांत एक झडप. गाळणींतील उष्णतामापक व इंजिनाचें शोषण यांच्या साह्यानें ती झडप थंड व गरम हवा अशा प्रमाणांत मिसळते कीं, कार्ब्युरेटरला साधारण चाळीस अंशांची हवा मिळत राहावी. धुरांतील विषारी द्रव्यें कमी करण्यासाठीं पेट्रोलचें प्रमाण कमी केलेलें मिश्रण वापरावयाचें होतें, व त्यास एकसारख्या उबेची हवा हवी होती. १९७० सालच्या स्वच्छ हवेच्या कायद्यानें ह्या सोयीचा प्रसार अधिकच झाला. शिवाय तेथील पेट्रोल कंपन्या १९५० नंतर हिंवाळी पेट्रोलमध्यें बर्फ न धरूं देणारीं द्रव्यें मिसळूं लागल्या.

इतकी योजना असतां विकार होतो कां? बहुतेक वेळां मालकाच्याच हातून. तेथेंहि हौशी लोक मूळची गाळणी काढून चकचकीत, चारी बाजूंनीं उघडी गाळणी बसवितात. किंवा मूळ मॅनिफोल्ड काढून मोकळ्या नळ्या लावतात, त्यासरशीं पत्र्याचें आवरण जातें. आवाज दमदार येतो, बॉनेटखालीं शोभा येते, आणि पहिल्या धुक्याच्या सकाळीं गाडी उभी राहते. आमच्या भाच्यानें जें केलें तेंच हें.

निदान कसें करावें

खालील चिन्हें एकत्र दिसलीं तर बर्फाचा संशय धरावा.

१. हवा थंड व ओलसर असतांनाच त्रास होणें. कोरड्या दिवशीं किंवा दुपारीं न होणें.

२. इंजिन सुरू होतांना त्रास न होतां, पांच ते पंधरा मिनिटें चालल्यावर होणें.

३. एकसारख्या वेगानें जातांना जोर हळूहळू ओसरणें. किंवा चौकांत थांबल्यावर, ॲक्सिलरेटर सोडतांच, इंजिन बंद पडणें.

४. दहा-पंधरा मिनिटांच्या विश्रांतीनंतर कांहींहि न करतां पूर्ववत् चालणें.

ह्याच्याशीं घोटाळा होण्याजोगे दुसरे तीन दोष आहेत. ओलाव्यानें विजेच्या तारा दमट झाल्या तर इंजिन बहुधा सुरूच होत नाहीं. गाळणी धुळीनें बुजली असेल तर त्रास रोजचा असतो, त्यास ऋतु नाहीं. आणि पेट्रोल नळींतच उकळून वाफ अडणें हा उन्हाळ्यांतील दुपारचा दोष आहे. बर्फाचा निर्णय मात्र जागेवर, इंजिन थांबतांच, बॉनेट उघडून व गाळणी सोडवूनच होतो. पाहण्यासाठीं विजेरी घ्यावी. काडी पेटवूं नये व विडी विझवावी.

उपाय

पहिला उपाय म्हणजे मूळची योजना शोधून ती जागेवर आणणें. गाळणीचें तोंड, पत्र्याचें आवरण व मधली नळी तपासावी. नळी फाटली असेल तर नवी लवचिक धातूची नळी घालावी. मूळचें आवरण मिळत नसेल तर हुशार पत्रेकारीगराकडून मॅनिफोल्डवर बसेल असें पत्र्याचें टोपण करवून घ्यावें. गरम हवा नेहमीं गाळणीच्या अगोदर शिरली पाहिजे. गाळणी टाळून थेट कार्ब्युरेटरला नळी जोडली तर बर्फ जाईल, पण आपल्या रस्त्यांची धूळ थोड्याच महिन्यांत सिलिंडर खाऊन टाकील. नळी पेट्रोलच्या नळीस टेकूं देऊं नये, आणि मॅनिफोल्डच्या सांध्यांतून धूर गळत नाहीं याची खात्री करावी. नाहीं तर इंजिन स्वतःचाच धूर ओढील.

दुसरें, मॅनिफोल्डमधील झडप. इंजिन पूर्ण थंड असतांना तिचें वजन बोटानें हलवून पाहावें. तें मोकळें हललें पाहिजे. गंजून उघडी अडकली तर हिंवाळ्यांत बर्फ धरतें. मिटलेली अडकली तर उन्हाळ्यांत इंजिन तापतें. गंज सोडविणारें पातळ तेल घालून, हलके ठोके देऊन ती मोकळी करावी. कित्येक कारागीर ती तारेनें बांधून ठेवतात. ही आडवाट होय.

तिसरें, रेडिएटरचा थर्मोस्टॅट. इंजिन तापतें म्हणून तो काढून टाकण्याची रीत आपल्याकडे सर्रास आहे. तो नसला म्हणजे हिंवाळ्यांत पाणी वेळेवर गरम होत नाहीं, व ज्या गाडींत पाण्याची ऊब कार्ब्युरेटरला मिळते तिची ती ऊब जाते. इंजिन तापत असेल तर रेडिएटर साफ करावा.

चौथें, आपोआप चालणारी गाळणी असलेल्या गाडींत, थंड इंजिन चालू करून तोंडांतील झडप पाहावी. ती थंड हवेची वाट मिटवील व इंजिन तापत जाईल तशी उघडील. हलत नसेल तर बारीक रबरी नळ्यांस चीर गेली आहे काय तें पाहावें. बहुधा दोष एवढाच असतो.

वाटेंत अडचण आलीच तर गाडी सुरक्षित बाजूस घेऊन पंधरा मिनिटें उभी करावी, हा सर्वांत साधा उपाय. आचके देणारी गाडी पुन्हां पुन्हां दामटूं नये. बॅटरी उतरते व पेट्रोल तुंबतें.

काय करूं नये

उकळतें पाणी कार्ब्युरेटरवर ओतूं नये. त्याची धातु नाजूक असते, ती तडकते. आणि पाणी गळ्यांत शिरलें तर नवें संकट. डिझेलच्या मालमोटारी थंडींत चालू करण्यासाठीं कांहीं चालक खालीं बोळा पेटवितात. पेट्रोल गाडीजवळ ही गोष्ट स्वप्नांतहि करूं नये. बर्फ वितळतांना कार्ब्युरेटरच्या गळ्यांत पेट्रोलची वाफ भरलेली असते. एका ठिणगीनें गाडी, माल व मनुष्य तिन्ही जातील. पेट्रोलमध्यें रॉकेल मिसळण्यानेंहि लाभ नाहीं.

आतां आपल्या पेट्रोलमध्यें वीस टक्क्यांपर्यंत मद्यार्क असतो, व त्याचा कांहीं भाग आपल्याच उसापासून होतो. मद्यार्काची वाफ होण्यास पेट्रोलच्या सुमारें अडीच पट उष्णता लागते, म्हणजे थंडावा वाढतो. उलट मद्यार्क मिसळलेलें पाणी उशिरा गोठतें. ह्या परस्परविरुद्ध गुणांवर विसंबून गरम हवेची सोय ढिली सोडूं नये. जुन्या कार्ब्युरेटरमधील रबरी भाग मात्र ह्या मिश्रणानें फुगतात व झिजतात. ते वेळच्या वेळीं पाहावे.

उन्हाळ्याची बाजू

भाच्याचें म्हणणें अगदींच खोटें नव्हतें, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. हवा तीन अंशांनीं तापली कीं सुमारें एक टक्का विरळ होते. दहा अंशांच्या जागीं चाळीस अंशांची हवा दिली तर दहाव्या हिश्शाच्या आसपास ती विरळ झाली, व तितका इंजिनाचा कमाल जोर घटला. वैशाखांत, चढावर, भरल्या गाडीस हा तोटा जाणवतो, आणि तापलेल्या कार्ब्युरेटरांत पेट्रोल उकळण्याचें भयहि असतें. म्हणून हातानें फिरविण्याची झडप असेल तर होळीनंतर ती थंड हवेकडे व दिवाळीनंतर गरम हवेकडे वळवावी. ज्याप्रमाणें गोठ्याचीं कुडें आपण हंगामाप्रमाणें लावतों व काढतों, त्याप्रमाणेंच हें आहे. भाच्याची चूक नळी काढण्यांत नव्हती. ती कोणत्या कामाची आहे हें न विचारतां कायमची काढण्यांत होती.

नव्या गाड्यांत कार्ब्युरेटर नाहीं. पेट्रोलचे तुषार इंजिनाच्या तप्त झडपेजवळ किंवा थेट सिलिंडरांत सोडले जातात, म्हणून त्यांस हा विकार होत नाहीं. परंतु फवारणीचे पंप, गवत कापण्याचीं यंत्रें, झाडें कापण्याच्या यांत्रिक करवती यांमध्यें लहान कार्ब्युरेटर आजहि आहेत, आणि अशा कांहीं करवतींत तर हिंवाळ्यासाठीं ऊब घेण्याची वेगळी झडपच असते. तेव्हां हें ज्ञान केवळ जुन्या गाड्यांपुरतें नाहीं.

महसुलाच्या दप्तरांत एखादा जुना हक्क नोंदलेला असतो. त्याचा उपयोग वर्षानुवर्षें दिसत नाहीं, म्हणून नवा मनुष्य तो कमी करूं पाहतो; आणि एखाद्या वर्षीं पाट फुटला म्हणजे तीच नोंद सर्वांस हवी होते. यंत्रांतील प्रत्येक नळीची व झडपेचीहि गोष्ट तशीच आहे. ज्याचें काम कळत नाहीं तो भाग काढूं नये. काढलाच तर जपून ठेवावा व तारीख लिहून ठेवावी. आमच्या मेहुण्यांनीं ती वही अजून ठेवली आहे. तिच्या शेवटच्या पानावर त्यांनीं स्वहस्तें एकच ओळ लिहिली आहे : “नळी बसविली. गाडी वेळेवर पोंचली.”